खहर आणि अच्युत : भास्कराचार्यांच्या एका श्लोकावर चरणशः भाष्य

गणिताच्या तासाला अध्यात्म आणावे की नाही, यावर सध्या चर्चासत्रे भरतात. भास्कराचार्यांनी ते शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, आणलेले होते. आणि आणले तेही नेमक्या अडचणीच्या जागी. एखाद्या संख्येला शून्याने भागले तर काय होते, या प्रश्नापाशी. ‘सिद्धांतशिरोमणी’च्या ‘बीजगणित’ या भागात शून्याच्या सहा क्रियांचे प्रकरण आहे. ते संपता संपता एक श्लोक येतो आणि त्यात, हर शून्य असलेल्या राशीची तुलना थेट विष्णूशी केलेली आहे. व्याख्यानांतून हा श्लोक पुष्कळदा ऐकू येतो. तो कोणत्या उदाहरणाच्या पाठोपाठ आला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

मूळ श्लोक इथे उतरवलेला नाही. ज्यांच्याजवळ ‘बीजगणिता’ची प्रत आहे त्यांनी ती शेजारी उघडून ठेवावी, बाकीच्यांसाठी प्रत्येक चरणाचा आशय माझ्या शब्दांत देतो.

अवतरणिका

जुने टीकाकार श्लोकाला हात घालण्याआधी तो कशासाठी आला ते सांगत. इथे ते फार गरजेचे आहे. आचार्यांनी आधी नियम दिले: शून्य मिळवले किंवा वजा केले तर राशी तशीच राहते, शून्यातून राशी वजा केली तर तिचे चिन्ह उलटते, शून्याने गुणले तर शून्य येते. मग एका उदाहरणात शिष्याला पाच प्रश्न विचारले. शून्याची दुप्पट किती, शून्याला तिनाने भागले तर किती, तिनाला शून्याने भागले तर किती, शून्याचा वर्ग किती, वर्गमूळ किती. यांतल्या चार प्रश्नांचे उत्तर शून्य. उरला एक प्रश्न, तिनाला शून्याने भागण्याचा. तिथे उत्तर म्हणून कोणताही अंक मिळत नाही. हातात राहतो एक अपूर्णांक, वर तीन आणि खाली शून्य. आचार्य गद्यात एवढेच सांगतात की ही राशी अनंत असून तिला खहर म्हणतात. ‘ख’ म्हणजे आकाश, गणिताच्या परिभाषेत शून्य. ते जिचा हर आहे ती खहर.

शिष्याची अडचण इथे सुरू होते. असा अपूर्णांक पुढच्या गणितात आला तर त्याचे करायचे काय? त्यात दोन मिळवले तर? पाच वजा केले तर? श्लोक या प्रश्नाचे उत्तर म्हणून आला आहे. म्हणजे तो मुळात क्रियेचा नियम आहे. त्याला स्तोत्र समजून वाचले की पूर्वार्ध हातातून निसटतो आणि उत्तरार्धाचा नुसता जयजयकार होतो.

छंद उपजाती. पूर्वार्धात विधान, उत्तरार्धात दृष्टांत.

पहिला चरण : या खहर राशीत विकार होत नाही

विधान नकारार्थी आहे, हे आधी लक्षात घ्यावे. खहर किती मोठा, हे आचार्य सांगत नाहीत. त्याची किंमत काढून देत नाहीत. त्याच्या बाबतीत काय घडत नाही, एवढेच सांगतात.

‘विकार’ हा शब्द सांख्यांच्या घरातला. प्रकृती आणि तिचे विकार ही त्यांची नेहमीची भाषा. तो इथे योगायोगाने आलेला नाही. ग्रंथाच्या मंगलाचरणातच आचार्यांनी अव्यक्ताला असे वंदन केले आहे की तो एकच श्लोक तीन तऱ्हांनी लागतो: सांख्यांचे प्रधान म्हणून, ईश्वर म्हणून आणि अव्यक्तगणित, म्हणजे बीजगणित म्हणून. ग्रंथ पहिल्यापासून वाचत आलेल्या शिष्याच्या कानाला अशा दुहेरी बोलण्याची सवय झालेली असते. पण श्लेषात दोन्ही अर्थ आपापल्या पायांवर उभे राहावे लागतात. तेव्हा ‘विकार नाही’ याचा गणिती अर्थ आधी लावू, दुसरा मागाहून.

गणिती अर्थ सरळ आहे: मूल्य बदलत नाही. हे खरे कशावरून, ते पुढच्या चरणात क्रियेचा उल्लेख आल्यावरच तपासता येईल.

दुसरा चरण : आत शिरले तरी, बाहेर पडले तरी

आत शिरणे म्हणजे मिळवणे, बाहेर पडणे म्हणजे वजा होणे. श्लोकाचा सारा गणिती ऐवज या चरणात आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सिद्धता शाळेतल्या समच्छेदाची आहे. तीन छेद शून्यात दोन मिळवायचे आहेत. दोन म्हणजे दोन छेद एक. समच्छेद करताना तिनाला एकाने गुणायचे आणि दोनाला शून्याने. अंशस्थानी तीन अधिक शून्य, म्हणजे तीन; हरस्थानी शून्य गुणिले एक, म्हणजे शून्य. उत्तर पुन्हा तीन छेद शून्य. दोनाऐवजी दोन हजार घ्या. शून्याने गुणले की तेही गेले. वजाबाकीतही तेच. विकार झाला नाही. सहावीच्या मुलाला हे फळ्यावर करून दाखवता येते आणि त्यासाठी देवाचे नाव घ्यावे लागत नाही. अपूर्णांकांच्या बेरजेचा नियम कोणतीही शंका न घेता शून्य हरालाही लावला, तर श्लोकाचा पूर्वार्ध त्यातून आपोआप बाहेर पडतो.

कोणी म्हणेल, नियम असा लावण्याची परवानगी कोणी दिली? आक्षेप रास्त आहे. आजच्या गणितात ती परवानगी नाही. भागाकार म्हणजे गुणाकाराची उलट क्रिया. तीन भागिले शून्य म्हणजे अशी संख्या, जिला शून्याने गुणले की तीन येतात. अशी संख्या नाही. म्हणून आपण ‘व्याख्या होत नाही’ म्हणतो आणि पान उलटतो. शून्य भागिले शून्य इथे उलटी गंमत: कोणतीही संख्या चालते, म्हणून उत्तर ठरत नाही. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे सांगून टाकले होते आणि इतर राशींना शून्याने भागल्यावर शून्य हर तसाच ठेवून दिला होता. भास्कराचार्यांनी त्या ठेवून दिलेल्या राशीला अनंत म्हटले आणि तिचे वागणे सांगितले. पुढचे पाऊल ते एवढे.

दुसरा आक्षेप याहून कठीण, आणि तो आचार्यांच्याच ग्रंथातून उभा राहतो. ‘लीलावती’त त्यांनी सांगितले आहे की राशीला शून्याने गुणले आणि पुढे क्रिया बाकी असेल, तर ती राशी ‘खगुण’ म्हणून तशीच ठेवावी. नंतर शून्यानेच भागायची वेळ आली तर मूळ राशी परत मिळते. त्यावर उदाहरणही आहे. एका संख्येला शून्याने गुणले, तिचे अर्धे तिच्यात मिळवले, तिनाने गुणले, शून्याने भागले, आले ६३, संख्या कोणती? उत्तर १४. चौदा आणि सात एकवीस, एकवीस त्रिक त्रेसष्ट. वरचे आणि खालचे शून्य एकमेकांना खाऊन गेले. ग्रहगणितात याचा मोठा उपयोग आहे, असेही आचार्य म्हणतात. अतिसूक्ष्म राशींचे गुणोत्तर डोळ्यांसमोर ठेवले तर त्यात तथ्य दिसते.

पण मग ही दोन वचने शेजारी ठेवा. तीन छेद शून्याला शून्याने गुणले की तीन परत येतात, पाच छेद शून्याला गुणले की पाच. म्हणजे प्रत्येक खहर आपला अंश लक्षात ठेवतो. आणि खहर जर एकच अविकारी अनंत असेल, तर तीन छेद शून्य आणि पाच छेद शून्य सारखेच, आणि तीन बरोबर पाच! आणखी एक करून पाहा. तीन छेद शून्य अधिक पाच छेद शून्य. हर सारखे म्हणून अंश मिळवले तर आठ छेद शून्य. तिरकस गुणाकाराने समच्छेद केला तर शून्य छेद शून्य. एकाच बेरजेची दोन उत्तरे.

हा विरोध झाकून ठेवू नये. नववीच्या वर्गात तो फळ्यावर मांडावा आणि श्लोकाची हद्द कुठे संपते ते मुलांनाच शोधू द्यावे. मुलांना ती सापडते: आत शिरणारी राशी सांत असेल तोवर श्लोक टिकतो, आत शिरणारी स्वतःच खहर असली की मोडतो. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात युरोपात संमिश्र संख्यांच्या प्रतलाला अनंताचा एक बिंदू जोडून जो गोल कल्पिला गेला, रीमानचा गोल, तिथेही नेमकी हीच हद्द आहे. शून्य नसलेल्या राशीला शून्याने भागले की अनंत, अनंतात सांत राशी मिळवली की अनंत. मात्र अनंत अधिक अनंत आणि शून्य भागिले शून्य यांना अर्थ दिलेला नाही. एवढ्यावरून भास्कराचार्यांनी रीमानचा गोल शोधला, असे कृपया कोणी म्हणू नये.

या चरणावर सर्वांत चांगले बोलला तो कृष्ण दैवज्ञ. घराणे मूळचे विदर्भातले, पुढे काशीला गेलेले; जहांगीराच्या काळातला माणूस. त्याची ‘बीजगणिता’वरची ‘बीजपल्लव’ ही टीका इ.स. १६०० च्या सुमाराची. तो सांगतो, हर जसजसा लहान करावा तसतसा भागाकार मोठा होतो. हर पराकाष्ठेचा लहान केला तर भागाकार पराकाष्ठेचा मोठा व्हायला हवा. आणि भागाकार ‘इतका’ म्हणून सांगता आला, तर तो पराकाष्ठेचा नव्हेच, कारण त्याहून मोठा दाखवता येतो. म्हणून तो अनंत. आजचा शिक्षक फळ्यावर ३ ÷ ०.१, ३ ÷ ०.०१, ३ ÷ ०.००१ असे लिहून ३०, ३००, ३००० दाखवतो, तेव्हा तो नकळत कृष्ण दैवज्ञाचीच टीका शिकवत असतो.

याच ठिकाणी त्याने शंकूची छाया आणली आहे. जमिनीवर बारा अंगुळांचा शंकू (छाया मोजायची काठी) उभा आहे. सूर्य ४५ अंशांवर असताना छाया बारा अंगुळे. ३० अंशांवर सुमारे २१. एका अंशावर सुमारे ६८७. अर्ध्या अंशावर सुमारे १३७५. सूर्य क्षितिजाला टेकला की उन्नतांशाची ज्या शून्य होते. छाया काढण्याच्या त्रैराशिकात ती हर म्हणून बसते आणि छाया खहर होते. कृष्ण दैवज्ञ म्हणतो, शंकू एक अंगुळाचा घ्या, दोन अंगुळांचा घ्या, त्रिज्या कोणतीही घ्या. अंशस्थानचे आकडे बदलतील, छाया मात्र सगळ्यांची सारखीच अनंत. पहिल्या चरणातला ‘विकार नाही’ इथे उन्हात दिसतो.

टीकेत नसलेले थोडे मी माझ्या पदरचे जोडतो. सूर्योदयाची ती छाया पश्चिमेला पसरते, सूर्यास्ताची पूर्वेला. एका बाजूने शून्याकडे गेलो तर अनंत एका दिशेला, दुसऱ्या बाजूने गेलो तर उलट दिशेला. ३ ÷ ०.०१ म्हणजे ३००, पण ३ ÷ (−०.०१) म्हणजे −३००. शून्याने भागण्याला एकच उत्तर का देता येत नाही, याचे हे दुसरे कारण. शाळेच्या मैदानात एक काठी रोवली तरी सकाळी आणि संध्याकाळी ते पाहता येते.

तिसरा चरण : पुष्कळ असले तरी, लयाच्या आणि सृष्टीच्या वेळी

चरणाचा आरंभ अजून पूर्वार्धाला चिकटलेला आहे: आत शिरणारे आणि बाहेर पडणारे पुष्कळ असले तरी. आचार्यांनी ‘पुष्कळ’ म्हटले आहे, हे महत्त्वाचे. पुष्कळ सांत राशींची बेरीज सांतच असते, त्यामुळे वर सापडलेली हद्द ओलांडली जात नाही.

मग दृष्टांत उघडतो. नेहमीच्या बोलण्यात आपण ‘सृष्टी आणि लय’ म्हणतो. इथे लय आधी आहे आणि सृष्टी नंतर. छंदासाठी केलेली ओढाताण म्हणून हे सोडून देता येईल, पण मला तसे वाटत नाही. दुसऱ्या चरणात शिरणे आधी होते, बाहेर पडणे नंतर. लयकाळी भूते आत शिरतात, सृष्टिकाळी बाहेर पडतात. क्रम जुळवलेला आहे. आलंकारिक याला यथासंख्य म्हणतात. म्हणजे बेरजेच्या समोर लय आणि वजाबाकीच्या समोर सृष्टी. विश्व निर्माण होणे ही वजाबाकी! वर्गात एखादे मूल इथे नक्की थबकेल. थबकू द्यावे.

आता ‘लय’ आणि ‘सृष्टी’ हे शब्द ऐकून आपण लगेच पुराणाकडे वळतो. त्या शिष्याला मात्र ते आपल्या रोजच्या पाटीवरचे वाटत असणार. ‘सिद्धांतशिरोमणी’त ग्रहांच्या गती कल्पाच्या मापाने दिल्या आहेत. एक कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४ अब्ज ३२ कोटी सौर वर्षांचा. तेवढ्या काळात चंद्राच्या फेऱ्या ५७ अब्ज ७५ कोटी ३३ लाख. आजच्या दिवशी चंद्र कुठे आहे हे काढायचे तर कल्पारंभापासूनचे दिवस मोजायचे, फेऱ्यांनी गुणायचे, कल्पाच्या एकूण दिवसांनी भागायचे. कल्पाच्या आरंभी सृष्टी आणि अंती लय, हे त्या शिष्याच्या दृष्टीने त्रैराशिकाचे दोन खुंट होते. आचार्यांनी दृष्टांत बाहेरून आणला नाही. शिष्य दिवसभर ज्या आकड्यांत वावरत होता त्यांतूनच उचलला. वर्गातले अध्यात्म इतके सहज बसले ते यामुळे. आज तो दृष्टांत जसाच्या तसा उचलून सातवीच्या वर्गात ठेवला तर कल्पाचा आकडा मागे राहतो आणि नुसती भक्ती पुढे येते.

‘पुष्कळ’कडे पुन्हा एकदा. भूते पुष्कळ आहेत की अनंत? आपल्याकडच्या काही दर्शनांत जीव अनंत मानले आहेत. ते मत घेतले तर दृष्टांत ताणला जातो. अनंतातून अनंत काढले तर काय उरेल हे ठरत नाही. १, २, ३… या साऱ्या संख्यांतून सम संख्या काढल्या तर विषम उरतात, त्या अनंत. चारपासून पुढच्या सगळ्या काढल्या तर तीनच उरतात. सगळ्याच काढल्या तर काही नाही. काढलेला प्रत्येक समूह अनंत आणि शिल्लक मात्र वेगवेगळी. उपनिषदांतला पूर्णाचा शांतिपाठ म्हणून दाखवून ‘बघा, अनंत वजा अनंत बरोबर अनंत’ असे फळ्यावर लिहिणारे शिक्षक असतात. शांतिपाठ पूर्ण ब्रह्माविषयी बोलतो आहे. फळ्यावरचे समीकरण संख्यांविषयी आहे, आणि ते चूक आहे. मुलाने बारावीला सीमा काढताना तेच लिहिले तर त्याचे गुण जातील.

अनंताचे मोठे-लहानपण प्रथम नीट मांडणारा गेऑर्ग कँटर स्वतः श्रद्धाळू होता. इ.स. १८८६ मध्ये त्याने कार्डिनल फ्रान्झेलिन यांच्याशी या विषयावर पत्रव्यवहार केला. त्याचा आग्रह असा की ज्यांच्याहून मोठे दाखवता येते ते गणितातले अनंत वेगळे आणि ईश्वराचे निरपेक्ष अनंत वेगळे. एक दुसऱ्याच्या जागी बसवू नये. देव मानणाऱ्या गणित्याने ही रेघ ओढली, हे देव आणि गणित यांचा काला करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

चौथा चरण : अनंत अच्युताच्या ठायी भूतगणांचे जसे होते, तसे

विष्णूची हजार नावे असताना ‘अच्युत’ का? जो ढळत नाही तो अच्युत. म्हणजे पहिल्या चरणातला ‘विकार नाही’ हाच इथे नाव होऊन आला. आणि त्याला लावलेले ‘अनंत’ हे विशेषण गद्यातल्या खहराच्या वर्णनातून आलेले आहे. श्लोकाचे दोन्ही काठ असे शिवले आहेत. कवी म्हणून भास्कराचार्य किती सावध होते, ते इथे दिसते.

पण या चरणातला, किंबहुना साऱ्या श्लोकातला, सर्वांत वजनदार शब्द अगदी शेवटचा आहे: ‘यद्वत्’. जसे. आपल्याच शाळांत मराठीच्या तासाला मुले उपमेचे चार घटक शिकतात: उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द. ते इथे लावून पाहू. उपमेय खहर. उपमान अच्युत. साधारण धर्म अविकारीपणा. साम्यवाचक शब्द ‘यद्वत्’. समजावून सांगायचे असते उपमेय. उपमान आधीच ओळखीचे असावे लागते. भास्कराचार्यांच्या शिष्याला अच्युत ठाऊक होता, खहर ठाऊक नव्हता. देवाच्या आधाराने त्याला अपूर्णांक समजावला.

आजचे उत्साही लोक ही उपमा उलटी करतात. खहर गणिताने सिद्ध आहे, म्हणून अच्युत सिद्ध आहे. आमच्या ऋषींना अनंत कळले होते, म्हणून आमचा धर्म वैज्ञानिक आहे. असे बोलणारा ‘यद्वत्’ गाळून वाचतो. त्याने गणिताचे तर नुकसान केलेच, भक्तीचेही केले. शून्याने भागण्याच्या नियमावर ज्याचा देव उभा आहे, त्याचा देव नववीच्या त्या तीन-बरोबर-पाचच्या सिद्धतेत पडेल. ‘वैदिक गणिता’च्या नावाने जे चालते त्याचे दुखणेही याच जातीचे. शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचे ते पुस्तक १९६५ मध्ये निघाले. त्यातली सूत्रे उपलब्ध वैदिक वाङ्मयात सापडत नाहीत. आकडेमोडीच्या युक्त्या म्हणून ती खुशाल शिकवावीत. त्यांवर वेदांचा शिक्का मारून मुलांच्या मनात धाक कशाला घालावा?

मग श्लोक वर्गात आणूच नये का? मी आणावा या मताचा आहे, फक्त ‘यद्वत्’सकट. उपमान ओळखीचे हवे, ही अट पाळायची तर शिक्षकाने समोर कोण बसले आहे ते पाहावे. भास्कराचार्यांचे ग्रंथ पुढे जिथे शिकवले गेले त्या पाटणच्या मठातले सगळे शिष्य एका परंपरेतले होते. मालेगावच्या किंवा भिवंडीच्या वर्गात तसे नसते. पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे संविधानाचे २८ वे कलम आहेच. पण कलम नसते तरी अध्यापनाचा साधा नियम हेच सांगतो. ज्या मुलाला अच्युत परका, त्याला अच्युताच्या दृष्टांताने खहर अधिकच परका होईल. त्याच्यासाठी कृष्ण दैवज्ञाची छाया आहे; सूर्य सगळ्यांच्या ओळखीचा. श्लोक सांगावा तो एका थोर शिक्षकाने आपल्या शिष्यांना कसे शिकवले याचा नमुना म्हणून. आणि मग मुलांना विचारावे, कितीही घातले, कितीही काढले तरी जे बदलत नाही असे तुमच्या घरात, तुमच्या प्रार्थनेत, तुमच्या पाहण्यात काय आहे? उत्तरे येतील. त्यांतली कोणती टिकतात आणि कोणती मोडतात, ते समच्छेदाने तपासावे.

यात अध्यात्म कुठे आहे, असे कोणी विचारील. माझ्या मते ते देवाच्या नावात फारसे नाही. ज्या प्रश्नाला अंकात उत्तर नाही त्याच्यापाशी शिष्याला चार चरण थांबवून ठेवण्यात आहे. आपले पाठ्यपुस्तक ‘शून्याने भागत नाहीत’ असे एका ओळीत सांगून पुढे जाते. कॅल्क्युलेटर चूक दाखवून मोकळा होतो. भास्कराचार्यांनी तिथे थांबून श्लोक रचला. त्यांचे गणित त्या जागी अपुरे होते; पण प्रश्न थांबण्याजोगा आहे, ही त्यांची पारख अचूक होती.

ग्रंथ लिहिल्यानंतर सुमारे अर्धशतकाने, इ.स. १२०७ च्या आसपास, चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. तिथल्या शिलालेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. त्यात मठाच्या खर्चाची तजवीज लिहिली आहे. गावच्या बाजारातल्या मालावरचा वाटा आणि दर घाण्यामागे पळीभर तेल. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख उजेडात आणला. गणिताचा तास बाजारच्या पैशावर चालत होता आणि त्या तासाला अच्युताचा श्लोक म्हटला जात असणार. तेली आणि व्यापाऱ्यांनी त्यात काही विसंगत मानल्याचे दिसत नाही.

श्लोकानंतर ग्रंथात काय येते, तेही पाहण्यासारखे आहे. ईश्वराचे नाव घेतल्यावर आचार्य तिथे रेंगाळत नाहीत, दुसरा दृष्टांत देत नाहीत, फलश्रुती सांगत नाहीत. शून्याचे प्रकरण तिथेच संपते. पुढच्याच श्लोकात यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक, लोहितक ही अज्ञात राशींची नावे येतात आणि त्यांची बेरीज-वजाबाकी सुरू होते.